रंग कोणाच्या डोळ्यांसाठी? मासळी बाजारापासून खाडीपर्यंत प्राण्यांची नजर अभ्यासण्याची पद्धत

मुंबईत मासळी घ्यायला जाणारा प्रत्येक जण माशाच्या डोळ्यात पाहतो. डोळा फुगीर आणि पाणीदार असेल तर मासा ताजा, आत गेलेला आणि पांढुरका असेल तर शिळा, एवढे ज्ञान घराघरांत आईकडून मुलांकडे आपोआप येते. त्याच डोळ्याकडे आणखी दोन मिनिटे नीट पाहिले, तर तो मासा कोणत्या पाण्यात राहत होता आणि त्याच्या अंगावरचा रंग कोणाला दिसण्यासाठी किंवा कोणापासून लपण्यासाठी घडला असेल, याचाही बराचसा अंदाज बांधता येतो. हा अंदाज पायरीपायरीने कसा बांधावा, हे या लेखात सांगितले आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक वही, लहान टॉर्च, भेटवस्तूंना गुंडाळतात तो हिरवा आणि निळा पारदर्शक कागद, स्टीलची एक ताटली, लांब दोरी आणि आठवड्यातून एखादे दिवशी पहाटे उठण्याची तयारी एवढे पुरेसे आहे.

नवशिका निरीक्षक हमखास रंगापासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. ‘हा मासा लाल का?’ हा प्रश्न पहिला विचारला की उत्तरादाखल केवळ गोष्ट तयार होते, पुरावा हाती येत नाही. म्हणून प्रश्नांचा क्रम पक्का ठेवावा : त्या ठिकाणी प्रकाश कोणता पोचतो, प्राण्याचा डोळा कसा आहे, त्याच्याकडे पाहणारे कोण आहेत, आणि सगळ्यात शेवटी, अंगावरचा रंग कोणता. हा क्रम मोडावासा वाटण्याचे प्रसंग वारंवार येतात. तरीही तो मोडू नये.

आधी पाणी मोजावे

पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी पांढरी तबकडी पाण्यात सोडण्याची रीत इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये रूढ केली आणि ती आजही वापरात आहे. आपल्याला त्यासाठी साधी ताटली चालेल. तिला पांढरा ऑइल पेंट द्यावा, तीन बाजूंनी भोके पाडून ती दोरीला आडवी लटकेल अशी बांधावी, खाली एखादे वजन लावावे आणि दोरीवर दर १० सेंटिमीटरला गाठ मारावी. भाऊच्या धक्क्यासारख्या ठिकाणी ती हळूहळू पाण्यात सोडावी आणि दिसेनाशी झाल्यावर गाठी मोजाव्यात. मग ती निम्म्या खोलीपर्यंत वर ओढून तिचा रंग पाहावा, कारण पाण्यातून गाळून आलेला प्रकाश कोणत्या छटेचा आहे, हे तिथे सर्वांत चांगले दिसते. मुंबईच्या गाळमिश्रित पाण्यात ताटली लवकर नाहीशी होते आणि निम्म्या खोलीवर पिवळट हिरवी दिसते. मे महिन्यात मालवणला जाणे झाले तर हीच ताटली बरोबर न्यावी; तिथे दोरी कमी पडण्याची शक्यता अधिक.

यामागचे कारण असे की, शुद्ध पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते आणि स्वच्छ समुद्रात पहिल्या दहा-पंधरा मीटरांतच तो जवळजवळ संपतो, तर सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश सर्वांत खोल पोचतो. खाडीच्या पाण्यात मात्र चिखल आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातून विरघळलेली द्रव्ये निळा प्रकाश आधी खातात, म्हणून तिथे हिरवा-पिवळा उरतो. याचा अर्थ, एकाच शहराच्या किनाऱ्यावर आणि त्याच्यापासून शंभर किलोमीटर आत समुद्रात राहणारे दोन मासे वेगवेगळ्या रंगांच्या दिव्याखाली जगत असतात. ताटली टाकण्याचा हा उद्योग लोकांना थोडा विचित्र वाटतो आणि दहा जण विचारायला येतात. त्यांना दोरी धरायला द्यावी.

मग बाजारात डोळे पाहावेत

१८७५ मध्ये बांधलेल्या ससून डॉकवर पहाटे लिलावाच्या वेळी सर्वाधिक प्रकारची मासळी एका जागी दिसते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात मात्र जाण्यात अर्थ नाही. गर्दीत मध्ये उभे राहू नये, फोटो काढण्यापूर्वी विचारावे, आणि शक्यतो कोळणीकडून काहीतरी विकत घ्यावे. ‘मावशी, याचा डोळा जरा बघू का?’ असे विचारले तर बहुधा हसून परवानगी मिळते. विकत न घेता नुसते डोळे पाहत बसणाऱ्याला मात्र योग्य ते ऐकून घ्यावे लागते.

पहिली नोंद डोळ्याच्या आकाराची करावी. बोंबलाचा डोळा शरीराच्या मानाने बारीक असतो. गढूळ पाण्यात तळाशी राहणाऱ्या या माशाला लांबवरचे दिसण्याची सोय नाही. रावसाच्या डोळ्यावर चरबीसारखा पारदर्शक पडदा असतो आणि छातीच्या परांखाली चार मोकळे, लांब तंतू असतात, ज्यांनी तो चिखलात चाचपडत भक्ष्य शोधतो. शिंगाळ्याच्या मिशांचे कामही तेच. जिथे नजर कमी पडते तिथे स्पर्श आणि चव यांनी जागा भरून काढली आहे, हे या तिघांना शेजारी ठेवून पाहिले की चटकन लक्षात येते. याउलट मुशीच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे स्फटिकांचा आरसा असतो, जो एकदा निसटलेला प्रकाश पुन्हा पेशींवर फेकतो. ताज्या मुशीच्या डोळ्यावर टॉर्च तिरकी धरून ही चमक शोधावी. आजवर तपासलेल्या बहुतेक मुशींच्या डोळ्यांत रंगांसाठी लागणाऱ्या शंकू पेशींचा फार तर एकच प्रकार आढळला आहे. एका प्रकारच्या पेशीवर रंग ओळखता येत नाही, त्यामुळे मुशीला उजेड-अंधाराची जाण उत्तम असली तरी आपल्या अर्थाने रंग बहुधा दिसत नाहीत.

घरी आल्यावर कालवणातल्या माशाच्या डोळ्यातून पांढरा, टणक मणी निघतो, तो टाकून देऊ नये. ते माशाचे भिंग आहे. आपल्या डोळ्यात प्रकाश वळवण्याचे बरेचसे काम बुबुळावरचा पारदर्शक पडदा करतो, पण पाण्यात त्याचा उपयोग होत नाही, कारण प्रकाश वळवण्याच्या बाबतीत तो आणि पाणी जवळपास सारखेच असतात. म्हणून माशाचे भिंग पूर्ण गोल झाले आहे, आणि जवळ-लांब पाहताना ते आकार न बदलता पुढे-मागे सरकते.

आता रंग. बांगड्याची पाठ हिरवट-निळी आणि पोट चंदेरी असते, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला तो पाण्यात आणि खालून पाहणाऱ्याला उजेडात मिसळतो. पापलेटाची चंदेरी झाक रंगद्रव्याची नसून ग्वानिनच्या सूक्ष्म स्फटिकांच्या थरांची आहे. तांबोशी आणि राणी मासा बर्फावर लालगुलाबी दिसतात, पण मोबाइलच्या टॉर्चवर निळा आणि हिरवा कागद एकत्र धरून अंधाऱ्या खोलीत त्यांच्याकडे पाहावे : लाल अंग काळपट राखाडी होते. लाल प्रकाशच नसलेल्या पाण्यात लाल रंग म्हणजे अंधाराचा अंगरखा. बाजारात भडक दिसणारा रंग जिवंतपणी लपण्यासाठी होता, हे पहिल्यांदा कळते तेव्हा गंमत वाटते.

आणि काही रंग कोणासाठीच नसतात. शेवंड किंवा कोळंबी शिजवली की लाल होते, कारण तिच्या कवचातले अस्टाझँथिन हे द्रव्य एरवी प्रथिनाला बांधलेले असते आणि उष्णतेने सुटे होते. उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्याने हे उदाहरण स्वयंपाकघरात कायम समोर ठेवावे, म्हणजे प्रत्येक रंगामागे हेतू शोधण्याची सवय आवरते.

डोळ्यातली पेशी आणि जनुक

डोळ्याचा आकार बाहेरून दिसतो, पण रंग ओळखण्याची क्षमता ऑप्सिन नावाच्या प्रथिनांवर ठरते. ऑप्सिनच्या साखळीतील एक-दोन अमिनो आम्ले बदलली तरी ते कोणत्या तरंगलांबीला सर्वाधिक प्रतिसाद देईल, हे सरकते. ऑप्सिनच्या जनुकाची चुकून दुसरी प्रत तयार झाली, तर जुनी प्रत जुने काम करत राहते आणि नवी प्रत वेगळ्या रंगाकडे सरकू शकते. रंगदृष्टीची उत्क्रांती मुख्यतः तीन मार्गांनी झालेली आहे : अमिनो आम्ल बदलणे, प्रत वाढणे आणि प्रत हरवणे.

पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या पूर्वजांकडे सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच शंकू पेशींच्या ऑप्सिनचे चार प्रकार होते. पक्षी, सरडे आणि कित्येक मासे यांनी ते टिकवले. आपल्याच देशातल्या ओढ्यांत सापडणाऱ्या आणि जगभरच्या प्रयोगशाळांत पोचलेल्या झेब्राफिश या बोटभर माशात तर शंकू पेशींसाठी ऑप्सिनची आठ जनुके आहेत. सस्तन प्राण्यांचे पूर्वज दीर्घकाळ रात्री वावरले आणि त्यात दोन प्रकार गमावून बसले. त्यामुळे कुत्रा, बिबट्या आणि चितळ दोनच प्रकारांवर भागवतात. माणूस आणि जुन्या जगातली, म्हणजे आशिया-आफ्रिकेतली, माकडे यांच्यात एका जनुकाची नव्याने दुसरी प्रत झाली आणि तिसरा प्रकार परत मिळाला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले माकड पिकलेले फळ हिरव्या पानांतून आपल्यासारखेच वेचून काढते. त्याच उद्यानातल्या चितळाला बिबट्याचा पिवळसर-नारिंगी रंग आणि गवताचा हिरवा रंग यांत फारसा फरक जाणवत नाही. बिबट्याचा रंग आपल्याला उठून दिसतो म्हणून तो लपण्यास निरुपयोगी आहे, असे म्हणणे यामुळेच चुकीचे ठरते.

खोल समुद्रात निवड किती काटेकोर होते, याची दोन उदाहरणे वहीत लिहून ठेवण्यासारखी आहेत. सुमारे २०० मीटर खोलीवर राहणाऱ्या सीलाकँथ या प्राचीन वंशाच्या माशाकडे दोनच ऑप्सिने आहेत, आणि ती ४७८ व ४८५ नॅनोमीटरला, म्हणजे तिथे पोचणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या आसपासच, सर्वाधिक प्रतिसाद देतात. उलट, सिल्व्हर स्पायनीफिन या खोल समुद्रातील माशात अंधुक प्रकाशासाठीच्या दंड पेशींच्या ऑप्सिनची तब्बल ३८ जनुके असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे त्याचे एकच असते.

पाहणारा कोण, हे ठरवताना

आपला डोळा आणि मोबाइलचा कॅमेरा दोन्ही तीन रंगांवर चालतात, आणि आपले भिंग अतिनील प्रकाश आत जाऊ देत नाही. त्यामुळे आपल्याला दोन मासे सारखे दिसले, म्हणून ते एकमेकांनाही सारखेच दिसतात असे मानू नये. प्रवाळांत राहणारा पिवळा अँबॉन डॅमसेल मासा स्वतःच्या आणि जवळच्या जातीच्या माशांमधला फरक चेहऱ्यावरच्या अतिनील ठिपक्यांवरून ओळखतो. आपल्याला तो चेहरा सपाट पिवळा दिसतो. म्हणून वहीत ‘रंग नाही’ असे कधीही लिहू नये. ‘मला रंग दिसला नाही’ असे लिहावे.

घरच्या टाकीतला प्रयोग

रंगाचा संदेश म्हणून उपयोग होतो की नाही, हे पाहण्यासाठी गप्पी माशासारखा दुसरा सोयीचा प्राणी नाही. मुंबईकरांना तो डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरींत सोडला जाणारा मासा म्हणून माहीत असतो, पण मूळचा तो त्रिनिदादचा आणि दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागाचा. जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेले त्याच्यावरचे काम नमुनेदार आहे. त्यांनी कृत्रिम तळ्यांत गप्पी वाढवले. काहींत शिकारी मासा सोडला, काहींत नाही. शिकारी असलेल्या तळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या नरांवरचे ठिपके कमी झाले आणि तळाच्या खड्यांशी जुळत गेले, तर शिकारी नसलेल्या तळ्यांत ठिपके वाढले आणि खड्यांपेक्षा उठून दिसू लागले. शिकारी असलेल्या प्रवाहातले मासे त्यांनी निर्धोक ओढ्यात नेऊन सोडले, तेव्हा दोन वर्षांच्या आत, म्हणजे सुमारे १५ पिढ्यांत, तिथले नर अधिक रंगीत झाले. मादी आणि शिकारी या दोन डोळ्यांच्या ओढाताणीतून रंग ठरतो, हे यातून स्वच्छ दिसले.

आपण करायचा प्रयोग याहून पुष्कळ लहान आहे. क्रॉफर्ड मार्केटमधल्या दुकानातून गप्पी आणावेत, पण शक्यतो साधे घ्यावेत. फार मोठ्या शेपटीचे नर माणसाच्या आवडीने पैदा केलेले असतात आणि आपला प्रश्न मादीच्या आवडीचा आहे. दुकानातल्या माद्या बहुधा आधीच गाभण असतात आणि तशा माद्या नरांकडे फारसे लक्ष देत नाहीत. त्यामुळे घरी जन्मलेली पिल्ले लहानपणीच वेगळी करून माद्या स्वतंत्र वाढवाव्यात. यात दोन-तीन महिने जातात. घाई केल्यास प्रयोग फसतो; माझे पहिले दोन प्रयत्न याच कारणाने वाया गेले.

टाकीच्या दोन टोकांना काचेच्या दोन बरण्या ठेवाव्यात. एकीत अंगावर नारिंगी जास्त असलेला नर, दुसरीत कमी नारिंगी असलेला, पण आकाराने तेवढाच नर. मधल्या पाण्यात मादी सोडावी, तिला १० मिनिटे स्थिरावू द्यावे, आणि पुढची १० मिनिटे ती कोणत्या बरणीजवळ किती सेकंद थांबते ते मोजावे. मग बरण्यांची अदलाबदल करून पुन्हा मोजावे, कारण कित्येकदा मादीला नर आवडलेला नसतो, टाकीचा तो कोपरा आवडलेला असतो. यानंतर टाकीच्या दिव्यावर हिरवा कागद लावून सर्व पुन्हा करावे. हिरव्या प्रकाशात नारिंगी रंग काळपट दिसतो. मादीची निवड रंगावर अवलंबून असेल तर तिचा कल आता कमी व्हायला हवा. स्टिकलबॅक माशाच्या नराच्या लाल पोटाबाबत मिलिन्स्की आणि बाकर यांनी १९९० मध्ये नेमके हेच दाखवले होते : हिरव्या प्रकाशात माद्यांची लाल नरांची पसंती नाहीशी झाली.

इथे एक खबरदारी महत्त्वाची आहे. हिरव्या कागदाने प्रकाशाचा रंग बदलतो आणि प्रकाश मंदही होतो. मादीचा कल मंद उजेडामुळे बदलला की रंगामुळे, हे वेगळे करण्यासाठी तिसरी फेरी धुरकट रंगहीन कागद लावून, जवळपास तेवढ्याच मंद उजेडात घ्यावी. निदान पाच-सहा वेगवेगळ्या माद्यांवर फेऱ्या झाल्याशिवाय काहीही निष्कर्ष काढू नये. नारिंगी रंगाचा एक भाग कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा असतो, जो मासा स्वतः बनवू शकत नाही आणि शेवाळातून मिळवतो. म्हणजे नारिंगी नर हा खाणे शोधण्यात तरबेज असण्याची शक्यता अधिक. ठाण्याच्या खाडीतल्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंगही असाच खाण्यातून आलेला असतो. प्रयोग संपल्यावर मासे तलावात किंवा ओढ्यात सोडू नयेत, कारण बाहेरून आलेला हा मासा स्थानिक माशांना त्रासदायक ठरतो.

‘उत्क्रांती झाली’ असे कधी म्हणावे

एका माशाच्या निरीक्षणावरून उत्क्रांती दिसत नाही. त्यासाठी जवळचे दोन नातेवाईक वेगळ्या प्रकाशात राहणारे हवेत. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातले सिक्लिड मासे याचे सर्वांत चांगले उदाहरण आहेत. तिथे उथळ पाण्यात निळ्या नरांची आणि खाली, जिथे गढूळ पाण्यात निळा प्रकाश आधी संपून उरलेला प्रकाश तांबूस होतो, लाल नरांची जात राहते. खालच्या माशांचे ऑप्सिनही तांबड्याकडे सरकलेले आहे. जीवशास्त्रज्ञ ओले सीहाउसेन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हा प्रकाश, जनुक आणि पसंती यांचा मेळ मांडला. त्याआधी १९९७ मध्ये त्यांनीच दाखवले होते की, सरोवर गढूळ होत गेले तशी माद्यांना नर ओळखण्यात अडचण आली आणि जातींमधल्या सीमा पुसट झाल्या. प्रदूषणाने मासे मरतात हे आपण ऐकलेले असते; न मरताही जाती नाहीशा होऊ शकतात, हे त्यातून कळते.

महाराष्ट्रात अशी तुलना करायची असेल, तर साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात जावे. तिथल्या सरड्याचा नर गळ्याखालचा निळा, काळा आणि नारिंगी पंखा फुलवतो, तर त्याच्या नात्यातल्या काही सरड्यांत हाच पंखा पांढरट असतो. २०१६ मध्ये या रंगीत सरड्यांसाठी नवी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली गेली आणि तिचे शास्त्रीय नावच ‘सराडा’ ठेवले गेले, ते मराठी शब्दावरून.

ओहोटीची वेळ आणि बसण्याची जागा

किनाऱ्यासाठी कोळ्यांचा हिशेब उपयोगी पडतो : तिथीला तीनने गुणून चारने भागले की भरतीची अंदाजे वेळ मिळते आणि तिच्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला १५ तिथी धरली की भरती सव्वाअकराला येते आणि ओहोटी सव्वापाचच्या सुमारास. उधाणाचे हे दिवस सर्वांत चांगले. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ताडून घ्यावी आणि पाणी वळले की निघावे. खडकाळ किनाऱ्यावर रंगीत समुद्री गोगलगायी दिसतात. त्यांना स्वतःला उजेड-अंधारापलीकडे फारसे दिसत नाही, म्हणजे ते रंग एकमेकींसाठी असूच शकत नाहीत. प्रश्नांचा क्रम पाळल्याचा फायदा इथे थेट दिसतो.

खाडीच्या चिखलावर निवटी पाहावी. तिचे डोळे डोक्याच्या वर उभे असतात आणि ती ते खोबणीत खाली ओढून ओले करते. माशांपासून चतुष्पाद होण्याच्या वाटेवर, पाय फुटण्याच्या आधीच, डोळ्यांच्या खोबणी जवळजवळ तिप्पट मोठ्या आणि डोक्याच्या वर सरकलेल्या होत्या, असे २०१७ मध्ये जीवाश्मांवरून दाखवण्यात आले. हवेतून पाण्यापेक्षा कितीतरी लांबचे दिसते. शेजारीच एक नांगी अवाढव्य असलेले फिडलर खेकडे ती हलवून माद्यांना खुणावत असतात. त्यांच्या लेखी क्षितिजाच्या वर हलणारी प्रत्येक गोष्ट शत्रू असते, म्हणून उभे राहू नये. चिखलाच्या कडेला खाली बसावे आणि वीस मिनिटे हलू नये. मग ते बिळांतून बाहेर येतात.

परतताना बाजारात ताजी माकूळ मिळाली तर घ्यावी. तिच्या कातडीवरचे तपकिरी ठिपके मेल्यानंतरही काही वेळ उघडतात-मिटतात, कारण प्रत्येक ठिपक्याभोवती स्नायू असतात. क्षणात रंग बदलणाऱ्या या प्राण्याच्या डोळ्यात दृश्य रंगद्रव्याचा एकच प्रकार असतो, म्हणजे आपण पाहतो तसे रंग तिला दिसत नाहीत. वहीतला ‘पाहणारा कोण’ हा रकाना तिच्या नावापुढे भरताना तिला भक्ष्य करणाऱ्या माशांची नावे आधी लिहावीत, आणि मगच रंगाचा रकाना उघडावा.